नाकातले पंधरा ग्रॅम

"पान उलटू नकोस," पुरुषोत्तम फडतरे म्हणाले. "आधी सही."

श्यामसुंदर इंगोलेंनी हातातले पान सोडले, शर्टाच्या खिशातून पेन काढले आणि वहीतल्या 'पाहिले' असे लिहिलेल्या रकान्यात सही केली. पायरी तेवीस, डाव्या पंखावरचे इंजिन. इंजिन टेबलावरच होते. कपड्यांच्या दोन चिमट्यांत पंख धरलेला आणि त्यावर ते नखाएवढे इंजिन वाळत होते. इंगोलेंनी त्याच्याकडे पाहिले ते सही करून झाल्यावर, चहाचा कप उचलताना.

"बघितलंस का?"

"तुमची सही पाह्यली ना जी सर. मंग अजून काय पाहाचं?"

फडतरे हसले. तेवीस पायऱ्यांत तेवीसदा त्यांनी हा प्रश्न विचारला होता आणि उत्तर साधारण हेच आले होते. हा विनोद दोघांच्या सवयीचा झाला होता.

विमान एएन-बत्तीस होते, बहात्तर पटींनी लहान. खरे विमान त्यांच्या घरावरून रोज जाई. चंडीगडच्या हवाई दलाच्या तळावर फडतरेंनी नोकरीची शेवटची एकोणीस वर्षे याच विमानांच्या सांगाड्याचे काम केले होते आणि त्यातली अकरा वर्षे इंगोले त्यांच्या हाताखाली होते. फडतरे मूळचे साताऱ्याकडच्या वडूजचे, इंगोले वाशीमचे. निवृत्तीनंतर दोघेही गावी गेले नाहीत. सेक्टर एकोणपन्नासमधल्या एकाच सोसायटीत समोरासमोरच्या इमारतींत त्यांनी घरे घेतली. चार वर्षांपूर्वी फडतरेंच्या पत्नी, लता, गेल्या. तेव्हापासून इंगोले रोज पाच वाजता चहाला येत.

वहीचे रकाने फडतरेंनी पट्टीने आखले होते. पायरी, तारीख, वेळ, केले, पाहिले. तळावर असेच असे. करणाऱ्याची एक सही, ते डोळ्यांनी पाहून खात्री करणाऱ्याची दुसरी. काम आधी, सही नंतर. दोन्ही सह्या असल्याशिवाय विमान जागचे हलत नसे. चौतीस वर्षांत फडतरेंच्या एकाही सहीवर कुणाला शंका घ्यावी लागली नव्हती. एकदा काम संपल्यावर हत्यारे मोजताना एक स्क्रू ड्रायव्हर कमी भरला. वर अधिकारी घाई करत होते, माल चढवायचा होता. फडतरेंनी सही केली नाही. विमानाच्या तळाच्या सगळ्या फळ्या त्यांनी उघडायला लावल्या. पाच तासांनी स्क्रू ड्रायव्हर सापडला तो इंगोलेंच्या खिशात. इंगोले तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि आता आपली नोकरी गेली असे त्यांना वाटले होते. फडतरेंनी अहवालात लिहिले, 'हत्यार सापडले, गणती पूर्ण,' आणि महिनाभर रोज संध्याकाळी इंगोलेंना स्वतःचे खिसे सगळ्यांसमोर उलटे करायला लावले. इंगोले हा किस्सा अजून सांगत. त्यातले पाच तास हल्ली आठ झाले होते.

जानेवारीत फडतरेंना मेंदूचा हलका झटका आला. हात शाबूत राहिले, बोलणे शाबूत राहिले. गेला तो क्रम. चहात आधी दूध की आधी साखर असल्या साध्या गोष्टींपाशी ते थांबत. दोनदा दूध करपले. एकदा गॅस रात्रभर मंद जळत राहिला आणि सकाळी भांड्याचे बूड काळे झालेले मिळाले. त्यांची मुलगी ओजस्विनी मोहालीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती, तिथेच राहत होती. तिने एक छापील यादी आणून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली. सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, गीझर बंद, गॅस बंद, दाराला कडी. प्रत्येकापुढे आठवड्याचे सात चौकोन. फडतरे काम करून खूण करत. रविवारी ती येई, खुणा पाही आणि नवा कागद लावी. पहिल्या आठवड्यापासून एकही चौकोन रिकामा नव्हता.

डॉक्टरांनी सांगितले होते, क्रमाने करायचे काहीतरी काम द्या. म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिने तो खोका आणला.

"हे काय गं, खेळणं?" फडतरे म्हणाले.

"एक सौ अट्ठाईस पार्ट्स हैं, बाबा. खेळणं नाहीये." ओजस्विनी चंडीगडलाच वाढली होती. मराठी तिला सगळे कळे. उत्तर अर्ध्या वाटेत हिंदीत जाई.

आतली पुस्तिका फडतरेंनी चष्मा बदलून तीनदा पाहिली. तिच्यात शब्द नव्हते. चित्रे, आकडे, बाण. थेंबाचे चित्र असेल तिथे चिकटवायचे, थेंबावर काट असेल तिथे चिकटवायचे नाही. भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना बारीक देठांनी जोडलेले होते. देठ भागाला लागून तोडायचा नाही, थोडा दूर तोडायचा आणि उरलेला कंगोरा पॉलिशकागदाने घासायचा. पायऱ्या एकतीस. पुस्तिका ज्याने केली तो माणूस शिस्तीचा असावा असे त्यांना वाटले, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी वही आखली.

सहाव्या पायरीला वजनाच्या मापाचे चित्र होते आणि पुढे १५ ग्रॅम. बाण नाकाच्या पोकळीकडे जात होता. वजन खोक्यात नव्हते, ते आपले आपण आणायचे. फडतरे पायी सेक्टर अठ्ठेचाळीसच्या मोटर मार्केटमध्ये गेले. चाकांचा तोल साधायला रिमला चिकटवतात त्या पट्टीचे पाच-पाच ग्रॅमचे तीन तुकडे त्यांनी टायरवाल्या सरदारजीकडे मागितले.

"तिन्न ही? केड़ी गड्डी है, अंकल जी?"

"गाडी नहीं. हवाई जहाज."

सरदारजीने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग तीन तुकडे तोडून हातावर ठेवले. "फेर तां इक सीट मेरी वी रखणा."

तुकडे घेऊन फडतरे घरी आले. त्याच दिवशी ओजस्विनीचा फोन आला. तिच्या कंपनीने तिची सगळी टीम पुण्याला हलवायची ठरवले होते. पाच एप्रिलला तिला तिथे हजर व्हायचे होते.

रविवारी ती आली तेव्हा बोलणे झाले.

"मी वहाँ, आप यहाँ अकेले. मला झोप नाही लागणार, बाबा."

"इंगोले आहे की समोर."

"इंगोले अंकल रात को गॅस देखने आएंगे?"

 या घराच्या गच्चीवरून त्यांना तळाची धावपट्टी दिसत नसे, पण आवाजावरून कुठले विमान आहे, माल भरलेले की रिकामे, हे कळे. पुण्यात त्यांना कुणाचाच आवाज ओळखू येणार नव्हता.

"हे विमान पुरं करतो," ते म्हणाले. "एकतीस पायऱ्या, अगदी पहिलीपासून. एकही चुकली नाही तर मी इथं राहणार. यादीवर खुणा करणार, तू फोनवर विचारायचं. चुकली तर येतो."

"आणि चुकली तर मला कळणार कसं?"

"वहीत दिसंल."

ओजस्विनीने वही चाळली. सहा ओळी भरल्या होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि दोन सह्या. तिने वही मिटून त्यांच्यापुढे ठेवली. "पक्का?"

"पक्का."

मार्च संपेपर्यंत काम चालले. सकाळी दहा ते बारा, दुपारी नाही. हात अजून चांगला होता. खिडक्यांच्या चौकटी त्यांनी लताबाईंच्या भरतकामाच्या भिंगाखाली रंगवल्या. पोटाचे दोन अर्धे इतके बरोबर बसले की इंगोले म्हणाले, खऱ्यात आपल्याला इतकी बारीक फट कधी जमली नाही. पंख्याची पाती, शेपटीवरचे तिरंगी पट्टे, बाजूची गोल चिन्हे. चिन्हे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत उतरवायची होती. त्यातले एक फाटेल म्हणून त्यांनी तीन दिवस ते काम पुढे ढकलले, आणि चौथ्या दिवशी एका बैठकीत सगळी उतरवली. या दोन महिन्यांत एकदाही दूध करपले नाही. ओजस्विनीचा आवाज फोनवर सैल झाला होता. गेल्या रविवारी तिने स्वतःहून विचारले होते, इथे कामाला एखादी बाई सकाळ-संध्याकाळ मिळेल का. म्हणजे ती हरायच्या तयारीत होती.

एकतिसावी पायरी रविवारी सकाळी झाली. चाके आदल्या दिवशी बसवली होती, गोंद पुरता वाळला होता. इंगोले त्या दिवशी पाच वाजेपर्यंत थांबले नाहीत, साडेदहालाच आले. येताना सेक्टरच्या हलवायाकडून बालूशाही घेऊन आले.

"ओजू एक वाजता येईल," फडतरे म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी विमान उचलले आणि टेबलावर, वर्तमानपत्र बाजूला सारून, तीन चाकांवर ठेवले. हात काढले.

विमानाचे नाक सावकाश वर गेले. शेपूट टेबलाला टेकली. पुढचे चाक बोटभर हवेत राहिले.

इंगोले हसले. "हे तर उडालंच, सर." फडतरेंनी नाकावर बोट ठेवून ते खाली दाबले आणि बोट काढले. नाक पुन्हा वर गेले. इंगोलेंचे हसू थांबले.

दोघांनाही कारण एकाच वेळी कळले. खऱ्या विमानाच्या नाकात यंत्रे असतात, प्लॅस्टिकचे नाक पोकळ असते. म्हणून तर वजन. आणि वजन घालायचे ते पोटाचे अर्धे एकमेकांना चिकटवण्याच्या आधी, कारण नंतर आत बोट जात नाही.

फडतरेंनी वही उघडली. पायरी सहा. अठरा फेब्रुवारी, अकरा चाळीस. केले, पु. फडतरे. पाहिले, श्या. इंगोले. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाने उलटून मागे नेले. अठराच्या चौकोनात त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, 'ओजू – पुणे – फोन.' त्यांना त्यातले काही आठवत नव्हते. ते उठले, दारामागे टांगलेल्या हिवाळ्यातल्या जर्किनच्या खिशात त्यांनी हात घातला आणि तीन तुकडे बाहेर काढून टेबलावर ठेवले.

"फोन आला आसंल तेव्हा," इंगोले म्हणाले. "ध्यानच उडालं आसंल. कोनाचंही उडते जी."

"फोनचं नाव घेऊ नको. सही फोननं केलेली नाही."

"मंग असं करू." इंगोलेंनी खुर्ची पुढे ओढली. आवाज उगाचच हळू झाला. "आपल्या खऱ्या विमानाले शेपटीखाली टेकू लावत होतो का नाही आपन? मागून माल चढोताना? नाही लावला तर तेही असंच बसलं असतं. काडीचा एक टेकू करू, रंगोवू. ओजूले सांगू, माल चढून राह्यला. खोटं थोडीच आहे? हे तर एकदम बराबर दिसंन."

ते खरेच बरोबर दिसले असते. एएन-बत्तीस पाहिलेल्या कुठल्याही माणसाला ते पटले असते. फडतरे विमानाकडे पाहत बसले. मग उठून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

ते तिथे बराच वेळ उभे राहिले, म्हणून इंगोलेही उठून आले.

यादीतले रविवारचे चौकोन भरलेले होते. सकाळच्या गोळ्या. रात्रीच्या गोळ्या. गीझर बंद. गॅस बंद. दाराला कडी. पाचही खुणा एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या, सारख्या तिरक्या. घड्याळात अकराला दहा मिनिटे होती.

"सकाळी गोळी घेतली तेव्हा केल्या असणार," फडतरे म्हणाले. "सगळ्या एकदम." त्यांनी शनिवारच्या खुणांवर बोट फिरवले. त्याही तशाच होत्या. शुक्रवारच्याही.

"सर..."

"गॅस बंद असतो रात्री. मला वाटतं, असतो. पण या कागदावरून ते कळत नाही."

इंगोले भिंतीला टेकले. "माही सहीही खोटीच हाये," ते म्हणाले. "एकतीसच्या एकतीस. एकही पाह्यली नाही म्या. तुमची दिसली का करत गेलो."

"ठाऊक आहे. मी रोज विचारत होतो आणि हसत होतो." फडतरे टेबलाकडे परतले. "दिवा जवळ घे. आणि आज बघायचं, इंगोले. माझ्या हाताकडं बघायचं, तोंडाकडं नाही."

त्यांनी विमान मऊ फडक्यावर उलटे ठेवले. पुढच्या चाकाच्या मागे, जिथे रंग दोनदा दिला होता, तिथे पेन्सिलीने आयत आखला आणि बारीक करवतीचे पाते हळूहळू ओढायला सुरुवात केली. दोन महिन्यांचे घासकाम पांढऱ्या भुकटीसारखे फडक्यावर पडत होते. एकदा पाते सरकले आणि राखाडी रंगावर लांब ओरखडा उठला. ते थांबले नाहीत. आयत निघाला. एक तुकडा चिमट्याने आत, नाकाच्या टोकाला. दुसरा. तिसरा.

"किती गेले?"

"तीन," इंगोले म्हणाले.

"बघून सांग."

इंगोलेंनी मान वाकवली, मोबाइलचा उजेड आत पाडला. "तीन. पाह्यले."

झाकण परत चिकटवले. भोवती काळसर रेघ राहिली, रंगाने ती झाकता आली असती. फडतरेंनी रंगाची बाटली उघडली नाही. त्यांनी वहीत सहाव्या ओळीतल्या आपल्या सहीवर एकच रेघ मारली, खालचे अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिले, 'काम झाले नव्हते. सही आधी केली.' त्याखाली आजची तारीख आणि वेळ. इंगोलेंनी पेन मागून घेतले आणि आपल्या सहीवरही तशीच रेघ मारली.

ओजस्विनी सव्वाला आली. टेबलावर विमान तीन चाकांवर उभे होते. पिशवी हातातच ठेवून ती खाली वाकली, एका डोळ्याने पंखांच्या रेषेत पाहिले, जसे ती लहानपणी तळावर वडिलांबरोबर गेल्यावर पाही.

"बाबा. खड़ा है. काय मस्त झालंय." मग ती इंगोलेंकडे वळली. "अंकल, आप दोनों इतने चुप क्यों हो?"

फडतरेंनी वही तिच्यापुढे सरकवली, सहाव्या ओळीवर बोट ठेवून. तिने वाचले. विमान उचलून उलटे केले, ती रेघ पाहिली, अलगद परत ठेवले.

"तो क्या हुआ? नंतर केलंत ना. एक गलती. एकतीसमधली एक."

"ठरलं होतं, एकही नाही."

"ठरवलं आपणच होतं ना? आपणच बदलू. मी बाई बघितलीये, बाबा. इधर सेक्टर सैंतालीस में रहती है. किसी को पता भी नहीं चलता, आप खुद बता रहे हो, इसका मतलब तो..."

"ये इकडं," फडतरे म्हणाले.

त्यांनी तिला दारावरची यादी दाखवली.  ती रविवारच्या रकान्याकडे पाहत राहिली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा यादीकडे. तिच्या हातातली पिशवी तिने खाली ठेवली.

"रोज?" तिने विचारले.

"बहुतेक. तू मोहालीत हे बघून झोपत होतीस." ते थांबले. "तिकिटं दोन काढ. विमान हातात घेऊन जायचं, सामानात द्यायचं नाही. आणि वही घेणार. तिकडं 'पाहिले'चा रकाना तुझा."

"माझा कशाला, बाबा."

"इंगोले तिथं नसणार म्हणून. आणि तो बघत नाही."

"नाही पाहात," इंगोले बैठकीच्या खोलीतून म्हणाले. त्यांनी बालूशाहीचा डबा उघडला होता आणि त्याकडे ते नुसतेच पाहत होते. बाहेरून एक विमान गेले. फडतरेंनी मान किंचित तिरकी केली. भरलेले होते.

मग ते ओट्याखाली वाकले. गॅसची शेगडी बंद होतीच. त्यांनी सिलिंडरवरचे बटण फिरवले, रेग्युलेटर उचलून काढला, दोरीला लोंबणारे पांढरे झाकण तोंडावर दाबून बसवले. उभे राहायला त्यांना वेळ लागला, पण ओजस्विनीने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. त्यांनी दारावरचा जुना कागद काढला आणि वहीचे एक कोरे पान फाडून तिथे लावले. त्यावर पट्टीशिवाय 'केले' आणि 'पाहिले' असे दोन रकाने ओढले, डावीकडे लिहिले, 'गॅस बंद,' आणि पेन हातात धरून थांबले.

"तू बघ आधी," ते म्हणाले.

ओजस्विनी गुडघे टेकून ओट्याखाली वाकली. तिने झाकण अंगठ्याने दाबून पाहिले, नळी हातात घेऊन तिचे टोक पाहिले, पुन्हा झाकण दाबले. फडतरे ती उभी राहीपर्यंत थांबले. मग त्यांनी सही केली, वेळ घातली आणि पेन तिच्याकडे दिले.